माघारीची साडी

माझ्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात सहा साड्या आहेत. त्यांना आमच्या घरात माघारीच्या साड्या म्हणतात. सून नवी होती तेव्हा तिला वाटलं, हा पनवेलकडचा काहीतरी रिवाज असणार, आणि तिनं चक्क आपल्या आईला फोन करून विचारलं, आपल्याला पण द्यावी लागते का? रिवाजच म्हणायचा. पण तो फक्त आमच्या घरचा.

सांगते. आमचे हे राजकारणात. विधानसभेला सहा वेळा उभे राहिले. दोनदा आमदार झाले, चारदा पडले. दुसऱ्यांदा निवडून आले तेव्हा जेमतेम वर्षभर राज्यमंत्रीही होते. खातं कुठलं, तर सरकारी छापखान्याचं. त्या वर्षी अख्ख्या तालुक्याच्या भिंतीवर सरकारी कॅलेंडरं होती आणि ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्याकडेही डायऱ्या होत्या. एवढं सोडलं तर त्या खात्यानं काय केलं ते यांनाही नीट सांगता येत नाही. नावं मी कुणाचीच घालणार नाही. यांचं नाव घ्यायची मला सवय नाही, आणि बाकीच्यांची घेतली तर उद्या दारात गाड्या उभ्या राहतील.

तर यांनी विधानसभेचा अर्ज भरला, की पाठोपाठ माझाही अर्ज भरायचा. याला म्हणतात डमी. यांचा अर्ज काही चुकीमुळे छाननीत उडालाच, तर रिंगणात घरचंच माणूस असावं म्हणून. घरचं माणूस म्हणजे मी, कारण भावांवर यांचा विश्वास नव्हता. यांचा अर्ज पास झाला की माझं काम संपलं. माघारीच्या दिवशी पनवेलला प्रांत ऑफिसात जायचं, निवडणुकीच्या अधिकाऱ्यापुढे माघारीच्या कागदावर सही करायची, आणि परत यायचं. येताना बाजारात गाडी थांबायची आणि हे मला साडी घ्यायचे. स्वतः उतरून, दुकानात बसून, पदर पसरून बघून. एरवी या माणसाला घरात कोणत्या रंगाचे पडदे आहेत ते सांगता यायचं नाही. पण माघारीची साडी मात्र चांगली घ्यायचे, खोटं कशाला बोलू.

अधिकारी दर वेळी वेगळा असायचा, पण विचारायचा एकच. बाई, तुम्ही स्वखुशीनं माघार घेताय ना? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणायचे, हो हो, स्वखुशीनंच. अधिकारी मान डोलवायचा, मी सही करायची. सहा वेळा असंच झालं.

यांचे वडील मिठागरावर कामाला होते. हे शिकले, आणि त्याच सुमाराला सरकारनं नव्या शहरासाठी आमच्या गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली. माणसं चिडलेली, पण बोलणारं कुणी नव्हतं. यांना बोलता येत होतं. घरात बोलायची वेळ आली तर अगदी गरीब गाय, पण माईक दिसला की अंगात यायचं. मोर्च्यात दोन लाठ्या खाल्ल्या, तुरुंगात चार दिवस काढले, आणि बाहेर आले ते भाऊ होऊन. तेव्हापासून सगळे यांना भाऊच म्हणतात. यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे असलेले म्हातारेही भाऊच म्हणायचे.

माझं माहेर जासईचं. डी.एड. करून मी तिथल्याच शाळेत तीन वर्षं शिकवलं. लग्न झालं, हे सरपंच झाले, आणि कुणीतरी यांच्या कानात भरलं की पुढाऱ्याच्या बायकोनं नोकरी केली तर लोक म्हणतील याचं घरात भागत नाही. मी राजीनामा दिला. तेव्हा फार काही वाटलं नाही. नंतर वाटलं, पण ते नंतर.

यांची काम करायची एक पद्धत होती. जाकिटाला आतून मोठा खिसा शिवून घेतलेला. कुणी अर्ज घेऊन आलं की त्याचा हात दोन्ही हातांत धरायचे, त्याच्या आईची चौकशी करायची, कागद त्या खिशात टाकायचा आणि म्हणायचं, बघतो. हे असं म्हणायचे की माणूस निम्मा तिथंच बरा व्हायचा. संध्याकाळी जाकीट खुंटीला लागलं की मी खिसा रिकामा करायची. रेशनकार्डाचे अर्ज एका बाजूला, विजेच्या मीटरचे दुसऱ्या, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायच्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचे तिसऱ्या. ज्याचा अर्ज धड लिहिलेला नसे, त्याचा मी पुन्हा लिहायची. अक्षर माझं शाळेतलं, गोल. तहसीलमधले कारकून अक्षर बघून ओळखायचे की हा अर्ज भाऊंकडचा. थोडक्यात, बघतो म्हणायचं यांनी आणि बघायचं मी.

हे तक्रार म्हणून सांगत नाही. मला ते काम आवडायचं. ओट्यावर बायका यायच्या, हे नसले तरी बसायच्या. "वयनी, तुमीच लिवा," म्हणायच्या. कुणाच्या नवऱ्याच्या पेन्शनीचं अडलेलं असायचं, कुणाच्या घरात भरावामुळं खाडीचं पाणी शिरायचं. मी लिहायची, ठिकठिकाणी पाठवायची, मागे लागायची. काम झालं की त्या पेढे घेऊन यायच्या आणि यांच्या हातात द्यायच्या. मला वाटतं, यांनाही मनापासून वाटायचं की ते पेढे यांचेच आहेत.

डमीचा अर्ज भरतानाही मी शिकले. सुरुवातीला वकील भरायचा, मी नुसत्या सह्या करायची. पुढे संपत्तीचं शपथपत्र लागायला लागलं, आणि कोन गावाला रस्त्यालगत माझ्या नावावर जमीन आहे हे मला माझ्याच शपथपत्रातून कळलं. तेव्हा ठरवलं, यापुढे माझा कागद मी भरणार. एक रकाना मोकळा सोडत नसे. जिथं लिहिण्यासारखं काही नाही तिथं "निरंक" लिहायचं, हे मला शाळेतल्या हजेरीबुकापासून ठाऊक. अपक्षाला तीन चिन्हं पसंतीनं लिहायची असतात. ती लिहिताना तर मी पंधरा मिनिटं विचार करायची. हे हसायचे. म्हणायचे, अगं, परवा माघार घ्यायचीय, कपबशी काय आणि शिट्टी काय. मी म्हणायची, असू दे, माझा अर्ज आहे.

यांनी पक्ष तीन बदलले. दर वेळी कारण तत्त्वाचं होतं आणि दर वेळी ते तत्त्व तिकीट वाटपाच्या आठवड्यातच आठवलं. मी असं म्हटलं की यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. पण गेली वीस वर्षं हे नुसते माजी आहेत. आधी माजी राज्यमंत्री, मग माजी आमदार, हल्ली बॅनरवर ज्येष्ठ मार्गदर्शक. मार्गदर्शन विचारायला कुणी येत नाही. ओट्यावरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून ठेवलेल्या असतात. जाकीट रोज घालतात, पण खिसा रिकामाच यायला लागला. मग मीही तो बघायचं सोडून दिलं. यातूनच पुढचं सगळं झालं.

परवाच्या निवडणुकीत यांना पुन्हा उभं राहायचं होतं. वय शहात्तर, एका कानानं कमी ऐकू येतं, पायऱ्या चढताना थांबावं लागतं. पक्षानं तिकीट एका बिल्डरला दिलं. तो आमच्याच मिठागरवाल्यांतला, शाळेत माझ्या हातची छडी खाल्लेला. यांनी रात्रभर येरझाऱ्या घातल्या आणि सकाळी जाहीर केलं, अपक्ष लढणार. दोन जीपगाड्या, चाळीस माणसं, एक ढोलवाला. शेवटच्या दिवशी, वेळ संपायला दहा मिनिटं असताना यांनी अर्ज भरला, कारण कुणीतरी तोच मुहूर्त काढून दिला होता. माझा अर्ज मी आदल्या दिवशीच लिहून तयार ठेवला होता, नेहमीसारखा. यांच्या पाठोपाठ तोही दिला.

यांचं शपथपत्र टायपिंगवाल्यानं केलं. त्यात एक रकाना असतो, उमेदवाराचा व्यवसाय, आणि त्याखाली पती किंवा पत्नीचा व्यवसाय. टायपिंगवाल्यानं विचारलं, वहिनींचं काय लिहू? हे फोनवर होते. हात वर करून म्हणाले, थांब, सांगतो. आणि सांगायचं राहिलं. रकाना तसाच कोरा गेला. अर्ज घेताना अधिकाऱ्यांनी ते पाहिलं, आणि रीतसर कागद दिला की उद्या छाननीच्या आधी हा रकाना भरून नवं शपथपत्र आणून द्या. यांनी त्या अधिकारी बाईंचा हात धरला नाही एवढंच. कागद घेतला, खिशात टाकला, म्हणाले, बघतो. बाहेर ढोल वाजायला लागला, आणि झालं.

दुसऱ्या दिवशी छाननीत अर्ज उडाला. यांनी ऑफिसच्या बाहेर पायरीवर उभं राहून भाषण केलं. कटकारस्थान आहे, म्हणाले. भूमिपुत्राचा आवाज दाबला जातोय, म्हणाले. घोषणा झाल्या. घरी आले ते तांबडेलाल होऊन. मी जाकीट धुवायला काढलं, सवयीनं खिशात हात घातला, आणि एका लग्नपत्रिकेत दुमडलेला तो कागद निघाला. वाचला, दोनदा वाचला. मग यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला.

"कटकारस्थान सापडलं," मी म्हटलं. "तुमच्याच खिशात होतं."

यांनी कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, पत्नीचा व्यवसाय. मी म्हटलं, हो, तोच रकाना. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणूस काय करणार? मी आत जाऊन करंज्यांचं सारण परतायला घेतलं, कारण दिवाळी तोंडावर होती.

पण आता डमी मीच रिंगणात उरले होते. माझ्या अर्जात एकही रकाना मोकळा नव्हता. तासाभरात यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ओट्यावर येऊन यांनी जाहीर केलं की आता वहिनी लढणार. मला आत येऊन विचारलं नाही, ते बाहेरूनच मला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स छापून आला. माझा एकटीचा फोटो घरात नव्हता, म्हणून पुतणीच्या हळदीतला ग्रुपफोटो कापलेला. माझ्या खांद्यावर कुणाचा तरी बांगड्यांनी भरलेला हात आहे आणि ती बाई फोटोत नाही. उमेदवार मी, आणि शेजारी यांचा फोटो माझ्या दुप्पट. लावायची परवानगी यायची होती, म्हणून तो ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला.

आणि मग बायका यायला लागल्या. या खेपेला सुट्ट्यांमुळे माघारीचा दिवस लांब होता. दिवाळीचं निमित्त होतं, पण त्या फ्लेक्ससमोर उभ्या राहायच्या, माझ्याकडे बघायच्या, पुन्हा फ्लेक्सकडे बघायच्या. एक म्हातारी कळंबोलीवरून रिक्षानं आली. पूर्वी कधीतरी तिच्या मुलाच्या नोकरीचा अर्ज मी चार वेळा लिहून दिला होता. तिनं माझ्या हाताला धरून सांगितलं, "आमी तेवा भाऊंना मत दिलं ते तुमच्या अक्षराला दिलं वयनी."

खरं सांगायचं तर मला हाव सुटली. सहा वेळा अर्ज भरला होता, सहा वेळा सही करून परत आले होते, आणि कधी मनात आलं नव्हतं की आपलं नाव मतदान यंत्रावर कसं दिसेल. आता आलं. निवडून येणार नव्हते, हे मलाही कळत होतं. मी काही खुळी नाही. पण एकदा, फक्त एकदा, लोकांनी बटणाशेजारी माझं नाव वाचावं असं वाटायला लागलं. वयाच्या सत्तराव्या वर्षी हे असलं काही वाटावं याची मला लाज वाटली, आणि तरी वाटत राहिलं.

भाऊबिजेला पक्षाचे वरून आलेले एक गृहस्थ फराळाला आले. आतल्या खोलीत दार लावून बसले. माझ्या डझनभर चकल्या संपवल्या आणि गेले. हे दाराशी त्यांना सोडायला गेले तेव्हा चालीत फरक होता, पाय उचलून टाकत होते. मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हे एकटेच पनवेलला गेले आणि दुपारी पिशवी घेऊन आले. पिशवीत साडी होती, मोरपंखी, बारीक काठाची. माघारीच्या आधीच माघारीची साडी आली. तेव्हाच मला सगळं कळलं.

मी विचारलं तेव्हा सांगितलं. पक्षाला भीती होती की गावागावातली थोडी तरी मतं मी खाणार आणि तेवढ्यानं बिल्डर अडचणीत येणार. मी माघार घेतली तर यांना एका महामंडळाचं अध्यक्षपद. ऑफिस, गाडी, गाडीवर पाटी. हे सांगताना इतके खूष होते की मला यांच्याकडे बघवेना. मी म्हटलं, मी सही करणार नाही. हे हसले. म्हणाले, बघू. पन्नास वर्षं यांनी लोकांना बघतो म्हणून वाटेला लावलं, आता माझी पाळी. साडी मी घडीही न मोडता टेबलावर ठेवून दिली आणि दोन दिवस यांच्याशी कामापुरतं बोलले.

माघारीच्या दिवशी तरी मी गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. हे गाडीत बसून राहिले होते आणि हॉर्न वाजवत होते. शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या, म्हणून गेले असेन. साधी सुती साडी नेसून गेले. दुपारी तीनपर्यंतची वेळ होती, आम्ही पोचलो तेव्हा अडीच होऊन गेले होते. बाहेर पक्षाची माणसं हार घेऊन उभी, यांच्यासाठी. आत अधिकारी बाई बसलेल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या, दिवाळीची मेंदी अजून हातावर. यांनी खिशातून कागद काढला, टाइप केलेला, टेबलावर सरळ केला आणि माझ्या हातात पेन दिलं.

बाईंनी विचारलं, तुम्ही स्वखुशीनं माघार घेताय ना?

"हो हो, स्वखुशीनंच," हे म्हणाले.

"काका, तुम्हाला नाही विचारलं," बाई म्हणाल्या. "उमेदवारांना विचारतेय."

आवाज अगदी साधा होता, रागाचा नव्हता. पण पन्नास वर्षांत यांना असं कुणी म्हटलं नसेल. हे माझ्याकडे वळले. घाईत होते, मग थांबले, आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून यांना कळलं की मी खरंच सही करणार नाही. सभेत हे पुस्तकी मराठी बोलतात, घरातही निम्मं तसंच. गावची भाषा यांच्या तोंडात येते ती फक्त आईच्या आठवणीनं किंवा ताप चढल्यावर. तेव्हा आली.

"अगं, माजं शेवटचं हाय गं," हे म्हणाले.

मला या माणसाची दया आली. अगदी पोटातून आली. पाच पावलं चालून धाप लागलेली, जाकिटाचं वरचं बटण सुटलेलं, बाहेर हार घेऊन उभी असलेली ती माणसं. मी सही केली असती तर यांची उरलेली वर्षं बरी गेली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"आनि माजं पयलं हाय," मी म्हटलं.

पेन मी टेबलावर ठेवलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. यांच्याकडे बोलायला शब्द होते, नाही असं नाही. या माणसानं मंत्रालयात सचिवांना तासतासभर बोलून थकवलंय. पण तिथं यांनी नुसता कागद उचलला, घडी केली, आणि बाहेर जाऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. मी आत खुर्चीवर बसून राहिले. तीन वाजले तेव्हा बाईंनी शिपायाला दार बंद करायला सांगितलं आणि मला विचारलं, पाणी हवं का? मी एका दमात ग्लास संपवला. हार घेऊन आलेली माणसं तोवर निघून गेली होती. हारही परत घेऊन गेली.

गाडीत हे बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. महामंडळ अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळालं. मला वाटलं, आता हे जन्मभर बोलायचे नाहीत. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गावच्या नाक्यावर माझी पहिली सभा लागली, आणि हे घरात कसे थांबणार? माईक होता ना. जाकीट चढवून आले आणि माझी ओळख करून द्यायला उभे राहिले. जमिनीच्या मोर्च्यापासून सुरुवात केली, तुरुंगातले चार दिवस तासभर सांगितले, सरकारी छापखानाही आला. शेवटी कुणीतरी चिठ्ठी पाठवल्यावर म्हणाले, तर आता आमच्या सौ. दोन शब्द बोलतील. मी खरोखर दोनच बोलले, कारण दहा वाजायला आले होते आणि माईक बंद करायचा होता. बायका हसत होत्या, मीही हसले. असे दहा दिवस गेले.

निकाल लागला. बिल्डर निवडून आला, मोठ्या फरकानं. मी पाचवी. अनामत रक्कमही गेली. कागद कसाही मांडला तरी यात अभिमान वाटण्यासारखं काही नव्हतं, आणि माझ्या मतांनी कुणाचं काही बिघडलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा ओटा भरला. आमच्याकडे पडलेल्या उमेदवाराच्या घरी लोक जातात. निवडून आलेल्याकडे हार घेऊन जातात आणि पडलेल्याकडे मोकळ्या हातानं, पण जातात. बसतात, चहा घेतात, पैशापुढं कुणाचं काय चालतं म्हणतात आणि उठतात. किती दिवसांनी प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींतून सुटल्या. मी आत मोठं पातेलं चढवलं होतं. खिडकीतून बोलणं ऐकू येत होतं.

"भाऊ, वाईट वाटून घेऊ नका."

"भाऊ, तुमी आमच्यासाठी आमदारच हाव."

कुणी म्हणालं, भाऊ, तुमची तब्येत सांभाळा. कुणी म्हणालं, भाऊ, यंत्रावर तुमचं नाव असतं तर गोष्ट वेगळी होती. आधी मला हसू आलं. पडले मी, आणि समजूत यांची काढली जातेय. मग हसू कुठंतरी अडकलं. मी ट्रे घेऊन बाहेर गेले. माणसांनी कप उचलले. कप उचलताना ट्रेकडे बघायचं असतं, ती ट्रेकडेच बघत होती. फ्लेक्स अजून भिंतीला टेकलेला होता, त्याच्यापुढेच दोघं खुर्च्या टाकून बसले होते.

यांनी कप घेतला नाही. एकजण अजून यांना सांगत होता की मनाला लावून घेऊ नका. हे त्याचं ऐकत नव्हते. हे माझ्याकडे बघत होते, मी ट्रे घेऊन एकेकापुढे वाकत होते तिकडे. मग यांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले. भाषण होणार असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं.

"मना काय सांगताव?" हे म्हणाले. "उबी ती व्हती. पडली ती हाय. तिला सांगा."

तीस माणसं एकदम माझ्याकडे वळली. शेवटी गावातले एक म्हातारे उठले. यांच्या पहिल्या निवडणुकीपासूनचे, चारही वेळा यांच्या समजुतीला आलेले. डोक्यावरची टोपी नीट केली, माझ्यासमोर येऊन उभे राहिले, हात जोडले.

"वयनी, वाईट वाटून घेऊ नका."

डमी कधी पडत नाही. ती पडायच्या आधीच घरी येते. सहा वेळा मी अशी घरी आले होते, म्हणून या वाक्याला काय उत्तर द्यायचं असतं ते मला माहीत नव्हतं. मी नुसतं हो म्हटलं आणि मला रडू फुटलं. हातात ट्रे होता, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मग कुणीतरी ट्रे घेतला, कुणीतरी खुर्ची पुढे सरकवली, आणि मी यांच्या शेजारी बसले. दुसरा उठला, तिसरा उठला. एकेक जण पुढे येऊन हात जोडून मला सांगत होता की वाईट वाटून घेऊ नका, आणि मी मनसोक्त वाईट वाटून घेत होते.